सुट्टीत मुलांना काय द्यावं? पालक-प्रतिनिधीच्या प्रश्नाला एका प्राथमिक शिक्षिकेचं उत्तर

प्रश्न असा आला आहे : “आमची शाळा पहिली ते चौथीची. मी पालक-प्रतिनिधी आहे. सणासुदीची सुट्टी तोंडावर आलीय. मुख्याध्यापकांनी विचारलंय की सुट्टीत मुलांना काय द्यायचं आणि सुट्टीआधी पालकांसाठी एखादा कार्यक्रम ठेवायचा का. निम्म्या पालकांना भरपूर अभ्यास हवाय, नाहीतर मुलं सगळं विसरतील म्हणतात. बाकीचे म्हणतात, कृपा करून काही देऊ नका, घरात कोणाला वेळ नाही. तुम्ही वर्षानुवर्षं लहान वर्गांना शिकवताय. काय सुचवाल?”

वह्या भरायला देऊ नका. पण ‘काहीच नको’ हेही मला पटत नाही. सुट्टीत घराघरांत कामं, बोलणी, ये-जा हे सगळं चालूच असतं. त्यातलं थोडंसं मुलाच्या वाट्याला यावं, एवढंच शाळेने मागावं. आणि ते मागताना एक घर सतत डोळ्यांसमोर ठेवावं : जिथे पुस्तकं नाहीत, मोठी माणसं सुट्टीतच जास्त राबतात आणि अभ्यास घेईल असं कोणी नाही. त्या घराला जे जमेल तेच सगळ्या वर्गाला द्या. ज्यांच्याकडे वेळ आणि पुस्तकं आहेत ते आपण होऊन जास्त करतातच, त्यांची काळजी शाळेने करायला नको.

आधी ‘विसरतील’ या भीतीकडे बघू, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली लांब उन्हाळी सुट्टीवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा, की सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराने मागे गेलेली दिसतात आणि सर्वांत जास्त घसरतात ती आकडेमोड आणि शब्दांचं लेखन. हे वाक्य गेली तीसेक वर्षं पालकसभांमध्ये फिरतंय. त्याच्या पुढचं मात्र कोणी सांगत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ साली जुने निष्कर्ष नव्या, जास्त काटेकोर चाचण्यांवर पडताळून पाहिले, तेव्हा ते सरळ सरळ तसे आले नाहीत. कुठे घसरण दिसली, कुठे जवळपास काहीच नाही. म्हणजे ‘सुट्टी म्हणजे नुकसान’ हे इतकं छातीठोकपणे सांगण्यासारखं नाही. शिवाय ही सगळी चर्चा दोन-अडीच महिन्यांच्या सुट्टीची. तुमची सुट्टी दोन-तीन आठवड्यांची असेल, तर तो हिशेब इथे लावणं म्हणजे उगाच घाबरवणं.

दोन-तीन आठवड्यांत निसटतं काय, तर वेग. पाढे अडखळतात, हातच्याची बेरीज करताना मूल हातचा विसरतं, जोडाक्षरं चुकतात. समज कुठे जात नाही. ज्याला ‘वजाबाकी म्हणजे काय’ कळलंय त्याला ते सुट्टीनंतरही कळलेलंच असतं. आणि निसटलेलं पुन्हा बसवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच, स्वतःवर प्रयोग करून, दाखवून दिलं होतं. आठवत नाही असं वाटणारी गोष्टसुद्धा दुसऱ्यांदा शिकताना कमी श्रमात येते. म्हणून मी सुट्टीतल्या अभ्यासापेक्षा सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्याची जास्त काळजी करते. त्या आठवड्यात नवा धडा न घेता रोज थोडी उजळणी घेतली की बहुतेक वर्ग रुळावर येतो. मुख्याध्यापकांकडे एखादीच गोष्ट मागायची असेल तर ही मागा.

आता वह्यांचं. सुट्टीचा अभ्यास घराघरांत कसा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. पहिले दिवस वही दप्तरातून निघतच नाही. शेवटच्या दोन रात्री घरात रडारड होते, आई शुद्धलेखनाच्या ओळी भरते, बाबा उदाहरणांची उत्तरं सांगतात आणि मूल ती उतरवतं. शाळेत वही येते, बाई लाल शाईने तारीख घालतात, संपलं. गृहपाठावरच्या अभ्यासांचा कूपर यांनीच २००६ मध्ये आढावा घेतला, त्यातही वरच्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध दिसतो, प्राथमिकमध्ये मात्र तो फारच क्षीण आहे. आणि ‘प्रकल्प’ नावाचा प्रकार तर विचारूच नका. सुट्टीनंतर वर्गात मांडलेले प्रकल्प बघून कोणाच्या घरी कोणाची चित्रकला चांगली आहे ते कळतं, मुलाला काय येतं ते कळत नाही.

मग द्यायचं काय? माझ्या मते वाचन, एक खेळ आणि घरातलं एक खरं काम. तिन्ही सारख्या महत्त्वाचे नाहीत. वाचन सगळ्यांत वर, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते.

सुट्टी लागली की शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लागतं आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलांकडे वाचायला वेळ असतो. हे उलटं करा. सुट्टीआधी प्रत्येक मुलाला दोन-तीन पुस्तकं घरी न्यायला द्या, आणि ती मुलाने स्वतः निवडलेली असू द्यात. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झन यांनी फ्लोरिडामधल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत एक प्रयोग केला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सलग तीन उन्हाळे मुलांना दरवर्षी आपापल्या आवडीची १२ पुस्तकं निवडू दिली आणि देऊन टाकली. बाकी काही नाही, परीक्षा नाही, वही नाही. तीन वर्षांनी ही मुलं वाचनात इतरांच्या पुढे होती. निवडीचा भाग महत्त्वाचा आहे. चौथीतल्या मुलाने दुसरीच्या पातळीचं चित्रांचं पुस्तक उचललं तर उचलू दे. ते तो तीनदा वाचेल. आपण दिलेलं ‘त्याच्या पातळीचं’ पुस्तक एकदाही उघडणार नाही.

पुस्तकं हरवतील, फाटतील. थोडी हरवतीलच. ग्रंथालयाचा हिशेब सांभाळणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा आणि मुलांकडून भरपाई मागू नका, नाहीतर सगळ्यांत गरजू मुलाचे पालकच ‘नको बाबा ते पुस्तक, जबाबदारी आहे’ म्हणतील. कपाटात धूळ खात सुरक्षित राहिलेल्या पुस्तकाचा तसाही कोणाला उपयोग नव्हता.

नुसती पुस्तकं वाटून भागत नाही, हेही खरं. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांनी २००८ मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांवर हेच तपासलं होतं. ज्यांना फक्त पुस्तकं मिळाली त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांच्या शिक्षकांनी सुट्टीआधी वर्गात ‘घरी कसं वाचायचं’ याचे तास घेतले, म्हणजे मोठ्याने कसं वाचून दाखवायचं, मजकूर कळला की नाही हे स्वतःचं स्वतः कसं तपासायचं, त्या मुलांचं वाचन सुधारलं. या दोन प्रयोगांची उत्तरं पूर्ण जुळत नाहीत, पण शाळेला त्यातून घेण्यासारखं स्पष्ट आहे : सुट्टीआधीचे शेवटचे दिवस सजावटीत आणि रंगीत तालमीत घालवण्याऐवजी त्यातले दोन-तीन तास यासाठी ठेवा.

घरच्यांनी काय करायचं? पहिली-दुसरीच्या मुलाला रोज दहा-पंधरा मिनिटं वाचून दाखवायचं, पण पाठ केल्यासारखं नाही. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी छोट्या मुलांच्या घरी याचा अभ्यास केला. मोठ्या माणसाने वाचता वाचता थांबून विचारायचं, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायची आणि ते मुलाकडून परत वदवून घ्यायचं. अशा घरांतल्या मुलांचं बोलणं, नुसतं ऐकणाऱ्या मुलांपेक्षा, काही आठवड्यांतच पुढे गेलं. प्रत्यक्षात ते असं दिसतं. चित्रात एक कुत्रा दाराबाहेर बसलाय. आजी विचारते, “हा काय करतोय?” मूल म्हणतं, “बसलाय.” इथे बहुतेक माणसं “हो” म्हणून पान उलटतात. त्याऐवजी आजी म्हणते, “हो, दाराबाहेर वाट बघत बसलाय. कोणाची बघत असेल?” मूल म्हणतं, “त्या मुलाची. तो मुलगा गेलाय ना शाळेत.” “मग तू सांग पूर्ण, कुत्रा काय करतोय?” “तो दाराबाहेर मुलाची वाट बघत बसलाय.” एका शब्दाचं सहा शब्दांचं वाक्य झालं आणि त्याला मिनिटभरही लागला नाही. यात आजीला वाचता यायलाच हवं असंही नाही. चित्र बघून हे सगळं होतं.

ज्या घरात कोणालाच वाचता येत नाही तिथे मुलाने वाचून दाखवायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं, मध्ये दोनदा “मग पुढे?” एवढंच म्हणायचं. चूक सुधारायची घाई नको. मूल एखाद्या शब्दाशी अडलं तर मनात सावकाश पाच मोजा, बऱ्याचदा तेवढ्यात ते स्वतः सोडवतं. आणि घरची बोली शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर गोष्टी, गप्पा, प्रश्न सगळं घरच्याच बोलीत होऊ द्या. काही पालक केवळ शाळेसाठी घरात तोडकी-मोडकी शाळेची भाषा बोलायला लागतात आणि बोलणंच कमी होऊन बसतं. शाळेने पत्रात हे एका ओळीत स्पष्ट लिहावं : तुम्ही ज्या भाषेत भांडता आणि लाड करता त्याच भाषेत मुलाशी बोला.

आता खेळ. गणितासाठी सुट्टीत सोंगट्या-फाशांचा पट पुरेसा आहे, मात्र घरं सरळ ओळीत आणि आकडे लिहिलेला. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना १ ते १० आकड्यांचा साधा पट खेळायला दिला. पंधरा-वीस मिनिटांचे चार खेळ, तेही दोन आठवड्यांत. संख्या ओळखणं, कुठली मोठी कुठली लहान हे सांगणं, दोन्ही सुधारलं. तोच खेळ रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांत तसं झालं नाही. पुढे २०१४ मध्ये सीगलर आणि एलिडा लास्की यांनी शंभरपर्यंतच्या पटावर एक बारीक गोष्ट दाखवली, ती मी प्रत्येक पालकसभेत करून दाखवते. सोंगटी २६ वर आहे आणि फाशावर ३ पडले. मूल सवयीने “एक, दोन, तीन” म्हणत सोंगटी पुढे नेतं. असं खेळून विशेष काही हाती लागत नाही. त्याला “सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस” म्हणत न्यायला लावा. म्हणजे ज्या घरावरून जातोय त्याचा आकडा उच्चारायचा. फरक एवढाच, पण फायदा यातच आहे. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांची गडबडही आपोआप सुटते, आणि ती किती मुलांची असते हे दुसरीच्या कुठल्याही बाईंना विचारा.

पट विकत आणायची गरज नाही. पुठ्ठ्यावर दहा बाय दहाची चौकट मुलांनी वर्गातच आखावी, आकडे घालावेत आणि सुट्टीला घरी न्यावी. ती आखण्यातच एक गणिताचा तास सत्कारणी लागतो. मोठ्या मुलांना दोन फासे द्या आणि बेरजेऐवजी वजाबाकीने मागे यायचा नियम करायला सांगा. नियम मुलांनीच बदलावेत, भांडणं होतील, होऊ द्यात.

तिसरं, घरातलं खरं काम. ‘खरं’ यावर माझा जोर आहे, म्हणजे जे मुलाने केलं नाही तर कोणाला तरी करावंच लागलं असतं असं काम. येणाऱ्या माणसांची यादी करणं, प्रवासाच्या सामानाची यादी करून एकेक वस्तूवर खूण करणं, स्वयंपाकात माप घेणं, घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावणं, गाडी सुटायच्या वेळेवरून घरातून कधी निघायचं ते काढणं. तिसरीतल्या मुलाला घड्याळाची दहा उदाहरणं घातली तर तो कंटाळतो, पण ‘गाडी पावणेसातला आहे, स्थानकावर जायला चाळीस मिनिटं लागतात, अर्धा तास आधी पोचायचंय, मग सगळ्यांना कधी उठवू?’ हे त्याच्यावर सोपवलं तर तो दिवसभर सगळ्यांना तेच सांगत फिरतो. लिहिण्याचंही तसंच. ‘माझी सुट्टी’ हा निबंध कोणी वाचत नाही. दूरच्या मावशीला पाठवलेला चार ओळींचा निरोप मावशी वाचते, उत्तर देते. वाचणारं माणूस असलं की अक्षरही बरं येतं.

घर आणि शाळा यांच्या नात्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांचं काम फार मोठं आहे. त्यांनी आखलेल्या गृहपाठात शिकवायची जबाबदारी पालकावर नसते. मूल घरातल्या माणसाला काही विचारतं, काही करून दाखवतं, त्यांचं मत घेतं. सूत्रं मुलाच्या हातात. हे तत्त्व सुट्टीला तंतोतंत लागू पडतं. पालकाला शिक्षक केलं की दोघंही चिडतात, पालकाला माहीतगार केलं की दोघंही खुलतात. शाळेच्या पत्रात “पालकांनी मुलांकडून करून घ्यावे” असा एकही शब्द नसावा. “मी तुम्हाला विचारणार आहे” असं मुलाच्या तोंडचं पत्र असावं, मुलाने स्वतः लिहिलेलं किंवा निदान वाचून दाखवलेलं.

मुलाने कोणते प्रश्न विचारायचे? मी साधारण तीनच देते. तुम्हाला हाताने करता येणारं असं काय आहे जे मला येत नाही? ते तुम्ही कोणाकडून शिकलात? मला त्यातलं थोडं दाखवाल का? या प्रश्नांमागे अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचा एक अनुभव आहे. लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्यावर लिहिलं. तिथले शिक्षक कष्टकरी, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या घरी गेले. मुलाची तक्रार सांगायला नव्हे, त्या घराला काय काय येतं ते शिकायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी झाडपाला, व्यापार, असं ज्ञान त्यांना दिसलं, ज्याचा शाळेला पत्ताच नव्हता. एक मुलगा मेक्सिकोतून आणलेली मिठाई विकतो हे शिक्षिकेला कळलं. तिने त्यावरून वर्गाचा एक अख्खा पाठ उभा केला, आणि एक आई वर्गात येऊन ती मिठाई कशी करतात ते शिकवून गेली. ज्या बाईला एरवी शाळेत फक्त सही करायला बोलावलं असतं, ती त्या दिवशी वर्गापुढे उभी होती.

इथून सुट्टीआधीच्या कार्यक्रमाकडे येते. कार्यक्रम जरूर ठेवा, पण स्नेहसंमेलन करू नका. स्नेहसंमेलनात दहा मुलं नाचतात, वीस मुलं मागे झाडं होऊन उभी राहतात आणि पालक फक्त आपलं मूल येईपर्यंत मोबाइल धरून बसतात. त्याऐवजी वर्गांमध्ये चार-पाच कोपरे मांडा : एका ठिकाणी आकड्यांचा पट, एका ठिकाणी पुस्तकनिवड, एका ठिकाणी वाचून दाखवणं. प्रत्येक कोपऱ्याचं यजमानपद मुलांकडे. तिसरीतली मुलगी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला “एक-दोन-तीन नाही म्हणायचं, सत्तावीस-अठ्ठावीस म्हणायचं” असं दटावून सांगते, तेव्हा पालकांना ते जन्मभर लक्षात राहतं. मी भाषण केलं असतं तर दारातच विसरले असते. भाषणं ठेवूच नका. मुख्याध्यापकांनाही पाच मिनिटं पुरतात, हे त्यांना तुम्हीच गोड बोलून सांगा.

कार्यक्रमाला किती जण आले हे मोजू नका, कोण आले नाहीत ते बघा. दरवेळी तेच पालक समोर असतात, आणि जे येत नाहीत त्यांना ‘मुलाची पर्वा नाही’ असा शिक्का आपण फार चटकन मारतो. खरी कारणं बहुतेक साधी असतात : कामाची पाळी, कडेवरचं तान्हं मूल, शाळेत स्वतःला झालेल्या अपमानाची जुनी आठवण, अंगावरचे कपडे, आणि शाळेने बोलावलं म्हणजे काहीतरी पैसे मागणार ही धास्ती. म्हणून वर्गणी नाही, वेशभूषा नाही, घरून काही करून आणायचं नाही, धाकट्या भावंडांना घेऊन या, असं निमंत्रणातच लिहा. वेळ दोन ठेवा, एक सकाळी मुलांना सोडायला येतात तेव्हा, एक संध्याकाळी. ‘आई-वडिलांसह’ असं छापू नका, ‘घरातल्या मोठ्या माणसासह’ लिहा. काही मुलं आजीकडे असतात, काही मावशीकडे, एखाद्याच्या घरी नुकतंच कोणी गेलेलं असतं. सणही सगळ्यांकडे सारखा नसतो, काहींकडे नसतोच. त्यामुळे सजावट आणि विषय कुठल्याही एका सणाचे न करता खेळ, गोष्टी आणि हातची कामं यांचे ठेवले की कोणालाच बाहेर उभं राहिल्यासारखं वाटत नाही.

आणि जे तरीही येणार नाहीत त्यांच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. एपस्टाइन यांचं म्हणणंच आहे की पालकांसाठीची कार्यशाळा म्हणजे फक्त शाळेत भरलेली सभा नव्हे, त्यातला मजकूर ज्याला हवा त्याला हवा तेव्हा मिळाला पाहिजे. मोबाइलवर दोन मिनिटांची ध्वनिफीत पाठवा. लिहिलेली लांबलचक सूचना अनेक घरांत वाचली जात नाही, बाईंचा आवाज मात्र सगळे ऐकतात. आणि पट तर मुलाच्या हातूनच घरी जातोय.

बक्षिसांचा मोह टाळा. ‘दहा पुस्तकं वाचणाऱ्याला प्रमाणपत्र’ असा तक्ता लावायची सूचना कोणीतरी करेलच. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधीच सांगून प्रमाणपत्र दिलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, न सांगता मिळालं त्यांची आवड कमी झाली नाही. वाचनाच्या तक्त्याने आणखी एक होतं : मुलं पातळ पुस्तकं शोधतात आणि पालक खोट्या सह्या करतात. कौतुक करायचंच असेल तर नंतर, न सांगता करा.

झोप, खेळ, मोबाइल यांवर पत्रात दोन ओळी पुरे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, अशी अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ मधली शिफारस आहे. दिवसाकाठी सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. सुट्टीत जागरणं होणारच, फक्त शाळा सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधीपासून झोपायची वेळ रोज थोडी अलीकडे आणा, म्हणजे पहिल्या दिवशी वर्ग पेंगत नाही. मोबाइलवर उपदेश करू नका, तो कोणी ऐकत नाही. वाचायला पुस्तक आणि खेळायला पट हातात दिला, तर तेवढा वेळ तरी सुटतो.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. “सुट्टीत कोण कुठे कुठे गेलं होतं?” हा प्रश्न वर्गात विचारूच नये, अशी विनंती तुम्ही शिक्षकांना करा. या प्रश्नाने वर्गाचे सरळ दोन भाग होतात. पाच-सहा मुलं हात वर करून उड्या मारतात, बाकीची एकतर खाली बघतात किंवा न केलेला प्रवास रचून सांगतात. आणि ही रचून सांगणारी मुलं सात-आठ वर्षांची असतात. त्याऐवजी “घरातल्या कोणाला काय करता येतं, ते सांगा” असं विचारलं की उत्तर नाही असं एकही मूल नसतं. आजोबांना दोरीच्या किती गाठी मारता येतात, आई सायकलची साखळी कशी बसवते, काका पाऊस येणार हे कसं ओळखतात. शिक्षकांनी ते फळ्यावर नावासकट लिहावं आणि त्यातल्या दोन-तीन जणांना पुढच्या महिन्यात वर्गात दाखवायला बोलवावं. सुट्टीत जे मागितलं त्याची शाळेने अशी दखल घेतली तरच पुढच्या सुट्टीत घरं ते मनावर घेतात. वहीवर नुसती सही करून ती परत दिली तर मुलांना बरोबर कळतं की हे कोणी वाचलेलं नाही.

राहिले वह्या मागणारे पालक. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची काळजी खरी असते. त्यांना पाढ्यांचं एक पान द्या, ज्याला हवं त्याने घ्यावं, आणि रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, असं वर लिहा. रोजचे पाच मिनिटांचे पाढे शेवटच्या रात्रीच्या दोन तासांपेक्षा जास्त टिकतात, हे त्यांना पटतं. ते पान शाळा परत मागणार नाही, तपासणार नाही, आणि न घेणाऱ्या मुलाला वर्गात कोणी विचारणार नाही, हे मात्र मुख्याध्यापकांकडून आधी कबूल करून घ्या. नाहीतर ऐच्छिक म्हणून दिलेलं पान पहिल्याच दिवशी सक्तीचं होतं.